खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी, १९२६ - १४ ऑगस्ट, १९८४) हे महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्यातले भारतीय कुस्तीगीर होते. इ.स. १९५२ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत मुक्त शैलीच्या कुस्तीतील बँटमवेट (५७ किलो) गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. यापूर्वी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहाव्या क्रमांकावर राहिले होते. मातीच्या आखाड्यात घडलेल्या या मल्लाला आंतरराष्ट्रीय पातळीवर गादीवरील कुस्तीत उतरावे लागले आणि तुर्कस्तान, इराण, जपान, सोव्हिएत संघ, अमेरिका इत्यादी देशांच्या परस्परभिन्न शैलींशी सामना करावा लागला. माती आणि गादी यांमधील हे अंतर चार वर्षांत कापणे, हा त्यांच्या क्रीडाजीवनाचा गाभा मानता येतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात कुस्तीची परंपरा जुनी आहे. गावोगावच्या तालमी, जत्रा-उरुसांतले कुस्त्यांचे फड आणि संस्थानिकांचा आश्रय यांवर ती पोसली गेली. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधर यांनी मल्लविद्येला पूरक असलेल्या मल्लखांबाला नवे जीवन दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी कुस्तीला मोठा राजाश्रय दिला. त्यांच्याच काळात कोल्हापुरात खासबाग हे कुस्तीचे भव्य मैदान उभे राहिले. पंजाबसह देशाच्या निरनिराळ्या भागांतील मल्ल कोल्हापुरात येऊन राहू लागले आणि हे शहर कुस्तीची पंढरी म्हणून ओळखले जाऊ लागले.

या परंपरेत कुस्ती प्रामुख्याने निकाली असे. एका मल्लाची पाठ मातीला लागेपर्यंत ती चाले. दोन्ही खांदे टेकले की कुस्ती चीतपट झाली, असा साधा आणि सर्वांना दिसणारा निकाल असे. गुणांची मोजणी नव्हती, वजनाचे काटेकोर गट नव्हते आणि वेळेचे बंधनही फडाच्या प्रथेनुसार बदलत असे. जोड तुल्यबळ आहे किंवा नाही, हे फडावरील जाणती मंडळी ठरवीत. खाशाबा जाधव यांचे प्रारंभीचे शिक्षण याच पद्धतीत झाले.

बालपण आणि शिक्षण

खाशाबा यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड तालुक्यात गोळेश्वर या गावी झाला. त्यांचे वडील दादासाहेब जाधव हे स्वतः मल्ल होते. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटे होते. घरातच कुस्तीचे वातावरण असल्याने वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरवले. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी परिसरातील एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत हरवल्याचे सांगितले जाते.

१९४० ते १९४७ या काळात त्यांचे शालेय शिक्षण कऱ्हाड येथील टिळक हायस्कूलमध्ये झाले. हा काळ स्वातंत्र्यलढ्याचा होता. १९४२ च्या चलेजाव आंदोलनानंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारची चळवळ उभी राहिली. या दिवसांत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे आणि त्यांचे निरोप पोहोचवणे, अशी कामे खाशाबा यांनी केली.

शालेय शिक्षणानंतर ते कोल्हापूरला गेले आणि राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले. शरीराने ते लहानखुरे असल्याने महाविद्यालयाच्या कुस्ती संघात त्यांच्याकडे प्रथम कोणाचे लक्ष गेले नाही. आखाड्यात उतरल्यावर मात्र त्यांनी आपल्यापेक्षा थोराड मल्लांना पाडले. लहान चण, विलक्षण चपळाई आणि डावांची अचूक वेळ साधण्याची हातोटी यांमुळे पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो हे टोपणनाव मिळाले. ढाक हा त्यांचा ठेवणीतला डाव होता. या डावात प्रतिस्पर्ध्याचे डोके व मान कवेत घेऊन त्याला आपल्या अंगावरून जमिनीवर फेकले जाते. ताकदीपेक्षा तोल आणि क्षण यांवर हा डाव अवलंबून असल्याने कमी वजनाच्या मल्लालाही तो साधतो.

मातीची आणि गादीची कुस्ती

खाशाबा यांच्या कामगिरीचे मोल समजण्यासाठी माती व गादी यांवरील कुस्तीतला फरक ध्यानात घ्यावा लागतो.

भारतीय आखाड्याच्या हौद्यातील माती ताक, तेल, हळद इत्यादी घालून मुरवलेली व मऊ असते. मल्ल अनवाणी पायांनी उतरतो. पाय मातीत किंचित रुततात, त्यामुळे हालचाल संथ पण पकड घट्ट होते. घामाने अंग निसरडे झाले की मल्ल एकमेकांच्या अंगाला माती लावतात. प्रतिस्पर्ध्याच्या लंगोट किंवा जांघ्याला धरून डाव मारण्याची मुभा असते व अनेक डाव त्यावरच उभे आहेत. वेळ भरपूर असल्याने समोरच्याची दमछाक करून, त्याचा अंदाज घेऊन मग निर्णायक डाव टाकणे, ही या कुस्तीची रीत होय.

गादीवरील मुक्त शैलीत हे सर्व बदलते. मल्लाच्या पायांत बूट असतात. पृष्ठभाग सपाट व वेगवान असल्याने पायांवरील चढाई झटकन होते आणि बचावालाही तेवढाच कमी वेळ मिळतो. कपड्याला धरणे निषिद्ध असते. लढतीला वेळेची मर्यादा असते आणि चीतपट झाली नाही तर पंच निकाल देतात. त्यामुळे सतत आक्रमक राहणे, प्रतिस्पर्ध्याला खाली घेणे आणि त्याची पाठ धोक्याच्या स्थितीत आणणे, या गोष्टींनाही महत्त्व येते. मातीत दहा मिनिटे शांतपणे जोखून घेणारा मल्ल गादीवर निष्क्रिय ठरू शकतो.

त्या काळच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजा गुणांची पद्धत होती. प्रत्येक लढतीच्या निकालानुसार मल्लाच्या खात्यावर वजा गुण चढत आणि ते ठरावीक मर्यादेला पोहोचले की मल्ल स्पर्धेबाहेर जाई. चीतपट करून जिंकणाऱ्याला याचा लाभ होई, तर पंचांच्या निर्णयावर जिंकणाऱ्यालाही काही भार सोसावा लागे. यामुळे एका पराभवाने मल्ल बाद होत नसे, परंतु विजय कसा मिळवला यालाही किंमत असे. एकाच कुस्तीत सर्व निकाल लागणाऱ्या फडावरील मल्लाला हे गणित नवे होते.

१९४८ चे लंडन ऑलिंपिक

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० व १९४४ ची ऑलिंपिक होऊ शकली नव्हती. बारा वर्षांच्या खंडानंतर १९४८ मध्ये लंडन येथे स्पर्धा भरली. स्वतंत्र भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक होते. खाशाबा यांची फ्लायवेट (५२ किलो) गटात निवड झाली आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

लंडनला जाईपर्यंत खाशाबा यांचा गादीशी फारसा संबंध आला नव्हता. आंतरराष्ट्रीय नियमही त्यांना अपरिचित होते. या टप्प्यावर रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. अमेरिकेत कुस्ती शाळा-महाविद्यालयांतून वाढली होती. प्रतिस्पर्ध्याला खाली घेतल्यावर त्याच्यावर ताबा ठेवणे आणि खालच्या मल्लाने त्या ताब्यातून निसटणे, यांवर तेथील शैलीचा भर होता. मातीतील खेळाडूला गादीची ओळख करून देण्यास हे शिक्षण उपयुक्त ठरले.

पहिल्याच लढतीत खाशाबा यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यांना काही मिनिटांतच हरवून प्रेक्षकांना चकित केले. त्यानंतर त्यांनी अमेरिकेच्या बिली जेर्निगन यांच्यावरही मात केली. पुढे मात्र इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून त्यांना हार पत्करावी लागली. इराणमध्ये जोरखान्याची, म्हणजे आपल्याकडील तालमीशी बरेच साम्य असलेली, व्यायामपरंपरा आहे. मुद्गल फिरवणे, जोर काढणे व कुस्ती खेळणे हे तेथेही एकत्रच शिकवले जाई. परंतु इराणी मल्लांनी गादीवरील कुस्ती भारतीयांच्या आधी आत्मसात केली होती.

खाशाबा सहाव्या क्रमांकावर राहिले. या गटाचे सुवर्णपदक फिनलंडच्या लेनार्ट वितला यांना, रौप्यपदक तुर्कस्तानच्या हालित बालामिर यांना आणि कांस्यपदक स्वीडनच्या थुरे योहान्सन यांना मिळाले. तुर्कस्तानने या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत एकूण सहा सुवर्णपदके जिंकून आपले वर्चस्व सिद्ध केले. तेल लावून खेळल्या जाणाऱ्या पारंपरिक कुस्तीत मुरलेल्या तुर्की मल्लांची ही कामगिरी खाशाबा यांच्या दृष्टीने अर्थपूर्ण होती. मातीतून किंवा कुरणातून आलेला मल्लही पद्धतशीर सराव केल्यास गादीवर जगज्जेता होऊ शकतो, हे त्यातून दिसले होते.

निवड आणि निधीचा प्रश्न

लंडनहून परतल्यावर खाशाबा यांनी पुढील चार वर्षे सरावाची तीव्रता वाढवली. त्यांनी वरचा वजनगट स्वीकारला आणि गादीवर उपयोगी पडतील असे डाव घोटले. निवडीचा मार्ग मात्र सरळ नव्हता. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला पक्षपाताने एक गुण कमी देण्यात आला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी त्यांना ऑलिंपिकच्या निवड चाचणीत उतरण्याची संधी मिळवून दिली आणि चाचणीत प्रतिस्पर्ध्याला चीत करून खाशाबा यांनी संघातले स्थान पक्के केले.

निवड झाली तरी प्रवासखर्चाची तजवीज खेळाडूने स्वतः करावयाची होती. तत्कालीन मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे आर्थिक साहाय्याची विनंती करण्यात आली, पण ती फलद्रूप झाली नाही. खाशाबा यांचे कुटुंबीय व गोळेश्वरचे ग्रामस्थ यांनी घरोघरी फिरून वर्गणी जमवली. कऱ्हाडमधील व्यापाऱ्यांनीही हातभार लावला. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कोल्हापूरचेच केशव माणगावे हेही या स्पर्धेसाठी फेदरवेट गटात भारतीय संघात होते.

हेलसिंकीतील राष्ट्रे आणि शैली

१९५२ चे ऑलिंपिक लंडनपेक्षा अधिक चुरशीचे होते. लंडनला अनुपस्थित असलेले दोन मोठे देश येथे उतरले होते. सोव्हिएत संघ प्रथमच ऑलिंपिकमध्ये भाग घेत होता आणि शीतयुद्धाच्या वातावरणात सोव्हिएत व अमेरिकन पदकांची तुलना दररोज होत होती. युद्धोत्तर बहिष्कारानंतर जपानही परतला होता.

सोव्हिएत संघाच्या कुस्तीमागे अनेक वांशिक परंपरांचे बळ होते. जॉर्जिया, अझरबैजान आणि इतर प्रजासत्ताकांत लोककुस्तीचे स्वतंत्र प्रकार होते. त्यांतील डाव एकत्र करून घडवलेल्या साम्बो या प्रकाराला १९३८ मध्ये तेथे अधिकृत मान्यता मिळाली होती. मुक्त शैलीत हेलसिंकीला सोव्हिएत संघाला सुवर्णपदके मिळवून देणारे दाविद त्सिमाकुरिद्झे व आर्सेन मेकोकिश्विली हे दोघेही जॉर्जियाचे होते. खाशाबा यांच्या गटातले रशीद मामेदबेयोव हे अझरबैजानचे होते.

जपानी कुस्तीची वाट ज्यूदोमधून आली होती. वासेदा विद्यापीठाच्या इचिरो हात्ता यांनी ज्यूदो संघासोबत अमेरिकेचा दौरा केल्यावर १९३१ मध्ये विद्यापीठात कुस्तीची सुरुवात केली. युद्धानंतर दोस्तांच्या ताब्यातील जपानमध्ये शाळांतील ज्यूदोवर काही वर्षे बंदी होती, परंतु कुस्ती चालू राहिली. हलके वजन, वेग आणि पायांवर अखंड चढाई ही जपानी मल्लांची वैशिष्ट्ये पुढे जगभर ओळखली गेली. त्यांची पहिली ठळक खूण हेलसिंकीला उमटली.

तुर्कस्तान, इराण व स्वीडन यांची जुनी घराणीही मैदानात होतीच. या प्रत्येक राष्ट्राच्या मागे प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि संघटना यांचे बळ होते. भारताकडे मल्लविद्येची परंपरा यांपैकी कोणाहूनही कमी नव्हती, पण गादीवरील सरावाची सोय व खेळाडूंची बाजू मांडणारी यंत्रणा अपुरी होती.

हेलसिंकीतील लढती

कुस्तीच्या स्पर्धा हेलसिंकीतील मेसुहाली या प्रदर्शन सभागृहात झाल्या. खाशाबा यांनी कॅनडाचे आद्रियाँ पोलिकाँ व मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो यांना चीतपट केले. जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावरही त्यांनी विजय मिळवला. चीतपट विजयांमुळे वजा गुणांचा भार हलका राहिला आणि अखेरच्या टप्प्यात उरलेल्या मोजक्या मल्लांत त्यांचा समावेश झाला.

या टप्प्यावर त्यांची गाठ जपानच्या शोहाची इशी यांच्याशी पडली. ही लढत दीर्घकाळ चालली. इशी यांच्या वेगवान चढाया व खाशाबा यांचा चिवट प्रतिकार यांत कोणीच चीत झाले नाही आणि अखेर निसटत्या फरकाने निर्णय इशी यांच्या बाजूने लागला. यानंतर थोड्याच वेळात खाशाबा यांना सोव्हिएत संघाच्या मामेदबेयोव यांच्याविरुद्ध उतरण्यास सांगण्यात आले. भारतात प्रचलित असलेल्या वृत्तांतानुसार, नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती, परंतु त्यासाठी दाद मागणारा एकही भारतीय पदाधिकारी त्या वेळी सभागृहात उपस्थित नव्हता. थकलेल्या खाशाबा यांना ही लढत गमवावी लागली.

इशी यांना सुवर्ण, मामेदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबा यांना कांस्यपदक मिळाले. इशी यांचे पदक हे हेलसिंकीतील जपानचे एकमेव सुवर्णपदक ठरले. २३ जुलै १९५२ या दिवशी खाशाबा यांच्या पदकावर शिक्कामोर्तब झाले. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६-१ असा पराभव करून सलग पाचवे सुवर्णपदक जिंकले. बलबीर सिंग यांनी त्या सामन्यात पाच गोल केले. देशाचे लक्ष साहजिकच हॉकीच्या सुवर्णाकडे वळले आणि कुस्तीतील कांस्यपदकाचे ऐतिहासिक महत्त्व उलगडण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

यापूर्वी १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचार्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत मिळवलेली दोन रौप्यपदके भारताच्या नावावर नोंदवली जातात. ती वगळता खाशाबा यांच्यापूर्वी भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले नव्हते.

स्वागत आणि ऋणफेड

मायदेशी परतल्यावर खाशाबा यांचे खरे स्वागत त्यांच्या स्वतःच्या मुलुखात झाले. कऱ्हाड रेल्वे स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढण्यात आली. एरवी थोड्या वेळात पार होणाऱ्या या अंतराला त्या दिवशी सुमारे सात तास लागले. वर्गणी दिलेल्या गावांच्या दृष्टीने हे पदक सामुदायिक कमाईचे होते.

प्राचार्य खर्डीकर यांचे गहाण पडलेले घर सोडवणे, ही जबाबदारी खाशाबा यांनी आपली मानली. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः त्यांत लढले आणि जमलेल्या उत्पन्नातून खर्डीकरांचे पैसे परत केले. गादीवर मिळवलेल्या पदकाचे कर्ज अशा रीतीने मातीतल्या कुस्त्यांनी फेडले गेले.

पोलीस सेवा

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. दलांतर्गत कुस्ती स्पर्धांत त्यांनी भाग घेतला आणि सहकाऱ्यांना कुस्तीचे प्रशिक्षणही दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये पुन्हा उतरण्याची त्यांची इच्छा होती, परंतु सरावात गुडघ्याला झालेल्या गंभीर दुखापतीमुळे ती अपुरी राहिली आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच थांबली.

त्यांनी सुमारे २७ वर्षे पोलीस दलात सेवा केली आणि सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. बढती त्यांना उशिरा मिळाली आणि निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात नमूद आहे. १९८२ मध्ये दिल्ली येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने मशालदौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले. हयातीत त्यांना मिळालेल्या मोजक्या राष्ट्रीय मानांपैकी हा एक होता.

निधन आणि मरणोत्तर सन्मान

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात खाशाबा जाधव यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते.

महाराष्ट्र शासनाने त्यांना मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार दिला. केंद्र शासनाने २००० सालचा अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर जाहीर केला. पदकानंतर जवळजवळ अर्धशतकाने हा सन्मान झाला. २०१० मध्ये दिल्लीत झालेल्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी इंदिरा गांधी क्रीडा संकुलात बांधलेल्या कुस्तीच्या प्रेक्षागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी २०२३ रोजी गूगलने त्यांच्या जयंतीनिमित्त विशेष डूडल प्रसिद्ध केले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. त्यांना मरणोत्तर पद्म पुरस्कार मिळावा, अशी मागणी कुटुंबीय व क्रीडाप्रेमी यांच्याकडून वेळोवेळी करण्यात आली आहे.

गोळेश्वर येथील त्यांच्या घराला ऑलिंपिक निवास असे नाव आहे. संजय दुधाणे यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी खाशाबा यांच्या जीवनावरील चित्रपटाची घोषणा केली आहे.

वारसा

खाशाबा यांच्यानंतर भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले. कुस्तीतील पुढचे पदक तर ५६ वर्षांनी, २००८ मध्ये बीजिंग येथे सुशील कुमार यांनी जिंकले. महाराष्ट्रातील खेळाडूला वैयक्तिक पदक मिळण्यासाठी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खाशाबा यांच्या पदकाला तेव्हा ७२ वर्षे झाली होती.

या दीर्घ खंडाचे एक कारण माती आणि गादी यांच्या द्वंद्वात सापडते. हेलसिंकीनंतरच्या दशकांत जपान, इराण व सोव्हिएत संघ यांनी आपापल्या लोककुस्तीतील डाव राखून ते गादीच्या नियमांत बसवले आणि त्यासाठी देशभर प्रशिक्षणाची व्यवस्था उभी केली. महाराष्ट्रातील मल्लांचे उत्पन्न, कीर्ती व प्रेक्षक मात्र गावोगावच्या मातीच्या फडांत होते. जत्रेतील इनामाची कुस्ती सोडून दूरच्या गादीकडे वळणे सामान्य घरातील मल्लाला परवडणारे नव्हते. गाद्यांची संख्याही अपुरी होती. परिणामी एका मल्लाने चार वर्षांत साधलेले स्थित्यंतर संस्थात्मक पातळीवर साधण्यास कित्येक दशके लागली.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या रचनेत या दोन्ही शैलींना स्थान देण्यात आले आहे. या स्पर्धेत माती व गादी असे स्वतंत्र विभाग असतात आणि दोन्ही विभागांचे विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या अशा अंतिम लढतीत नाशिकचे हर्षवर्धन सदगीर यांनी लातूरचे शैलेश शेळके यांच्यावर मात करून किताब जिंकला. आज कोल्हापूर, पुणे, सांगली, सातारा, नाशिक इत्यादी ठिकाणच्या अनेक तालमींत मातीच्या हौद्याशेजारी गादीही अंथरलेली दिसते. कुमार वयातच मल्लांना दोन्हींवर उतरवले जाते.

खाशाबा यांना ही सोय मिळाली नव्हती. गादीची पहिली खरी ओळख त्यांना परदेशी प्रशिक्षकाकडून आणि पहिली खरी परीक्षा थेट ऑलिंपिकमध्ये झाली. ढाकेसारखा मातीतला डाव न सोडता त्यांनी गादीचे नियम, वेळ आणि वेग यांच्याशी जुळवून घेतले. भारतीय मल्लविद्या आंतरराष्ट्रीय शैलींसमोर टिकू शकते, याचा पहिला पुरावा म्हणून त्यांच्या कांस्यपदकाकडे कुस्तीचे अभ्यासक पाहतात.